लोटन, तू घाई केली नाहीस

लोटन, काल तापीवर तुझा दहावा झाला. पिंड ठेवले, कावळा लगेच शिवला, सगळे म्हणाले चांगलं झालं, इच्छा राहिली नाही. मी मनात म्हटलं, कावळ्याला काय कळतंय डोंबल. आणि तेवढ्यात आपल्या गल्लीतला तो इस्त्रीवाला हात धुता धुता म्हणाला, "घाई नडली बिचाऱ्याला." मी त्याची कॉलर धरली. हो, दहाव्याच्या घाटावर, ओल्या धोतरातल्या माणसांमध्ये. चार जणांनी मला ओढून बाजूला केलं. "भटू, डोकं ठिकाणावर आहे का?" म्हणाले. नाही रे बाबा, नाही ठिकाणावर. ज्यानं अख्ख्या आयुष्यात पाण्यापुढे घाई केली नाही, त्याच्या पिंडाला नमस्कार करून लोक त्यालाच उतावळा म्हणतात, मग कोणाचं डोकं ठिकाणावर राहील?

तो एकटाच म्हणत असता तर सोडून दिलं असतं. आपल्या ठेकेदाराच्या ऑफिसनं गुजरातीत तसा कागदच केलाय. ड्रायव्हरनं उतावळेपणानं गाडी पाण्यात घातली, असं त्यात आहे. त्या कागदावरचं कोणीतरी डिंडोलीत, आपल्या वस्तीत आणून बोललं, आणि आपल्या गल्लीतल्या कॉलेजात जाणाऱ्या पोरानं ते तुझ्या बायकोला, सुमनवहिनीला, नीट समजावून सांगितलं. शहाणा! तेव्हापासून वहिनी भिंतीला टेकून बसली होती. रडत नव्हती, बोलत नव्हती. एकच वाक्य म्हणायची, "मीच म्हटलं होतं, लवकर या." त्या दिवशी राशनवर रॉकेल येणार होतं, डबा उचलायला दोन माणसं लागतात, म्हणून सकाळी दारातून तिनं तुला हाक मारून सांगितलं होतं. मी सायकल घेऊन खालीच उभा होतो, मीही ऐकलं. तू "हा हा" म्हणालास, जसा रोज म्हणायचास. आणि ती बाई समजून बसली की तिच्या रॉकेलच्या डब्यापायी तू पाण्यात उडी घेतलीस.

खरं काय झालं ते दोघांना माहीत आहे. एक तू, एक मी. तू तर गेलास मोकळा. राहिलो मी, आणि दहा दिवस मी तोंडाला कुलूप लावून बसलो होतो. का, तेही सांगतो. पण आधी थोडं तुझ्याशी भांडून घेऊ दे.

तू मला या कामावर आणलंस. पांडेसऱ्यात मी लूमवाल्याच्या टेम्पोखाली पाना घेऊन झोपून आयुष्य काढत होतो, तू म्हणालास, चल हजिऱ्याला, तिथे लिलावातली मिल्ट्रीची जीप आहे, तिला तुझ्यासारखा वेडा हवा. पाइपलाइनच्या साहेब लोकांना चिखलातून, खाड्यांतून फिरवायचं काम. पहिल्याच पावसाळ्यात तू मला पाण्यात गाडी कशी घालायची ते शिकवलंस. खरं तर कशी घालायची नाही ते शिकवलंस. गाडी थांबव. उतर. बांबूची काठी घे, पँट वर कर आणि या काठापासून त्या काठापर्यंत आधी आपल्या पायांनी चालून ये. जिथे माणूस अडखळतो तिथे गाडी अडकते. पाणी गुडघ्याच्या आत असेल तर जा, वर असेल तर बस. पंख्याचा पट्टा सोड, नाहीतर पंखा सगळं पाणी इंजिनावर उडवतो. चारही चाकांना जोर लाव, खालचा पहिला गिअर टाक, आणि मग मेलास तरी क्लच दाबायचा नाही. बाजूच्या ताडपत्र्या सोडून ठेव, उडी मारायला वाट पाहिजे. मध्येच बंद पडली तर पुन्हा सेल मारायचा नाही, पाणी आत ओढेल. बाहेर आल्यावर ब्रेक दाबत दाबत जा, ते ओले असतात. आणि सगळ्यात मोठं म्हणजे वरच्या अंगानं चालव. पाणी जिकडून येतं त्या बाजूची कड धर, म्हणजे त्यानं ढकललं तरी ढकलायला रस्ता उरतो. हे तू तुझ्या गावच्या पांझरा नदीत, तुझ्या बापाच्या बैलगाडीवर शिकला होतास. मला पाठ झालं होतं. अजून आहे.

आठवतं का, तो बडोद्याचा नवीन साहेब? पांढरे बूट घालून आला होता. खाडीपाशी तू गाडी उभी केलीस तर मागून ओरडला, "अरे चलो ना, क्या देख रहे हो, पानी कभी देखा नहीं क्या?" तू शांतपणे उतरलास, काठी त्याच्या हातात दिलीस आणि म्हणालास, "साहेब, आप आगे चलके दिखाओ, मैं पीछे पीछे आता हूँ." मला हसू आवरेना, मी बॉनेट उघडून त्यात तोंड घातलं. तो दोन तास काठावर बसून राहिला, बूट काढून. पुढच्या वेळेपासून तो आल्यावर आधी विचारायचा, "लोटनभाई, आज बैठना है कि जाना है?" असा तू. तुला हे उतावळा म्हणतात.

आपलं भांडण एकाच गोष्टीवरून. मी जीपच्या धुराचा पाइप वर उभा नेला, हवेचा पाइप टपाच्या वर काढला, इंजिनाच्या सगळ्या नाजूक जागा सायकलच्या ट्यूबनं गुंडाळून ग्रीस फासलं. चार दिवस खपलो. मला वाटलं, आता तू पाठ थोपटशील. तू फेरी मारून बघितलंस आणि म्हणालास, "भटू, हे काय करून ठेवलंस? गाडीले पव्हता येत नही रे." मी म्हणालो, पोहायची नाहीच, पण बंद तर पडणार नाही. तू म्हणालास, बंद पडते तेच बरं असतं, पाणी जास्त झालं की इंजिन मरतं आणि आपण वाचतो. तुझी गाडी आता मरणार नाही, मग आपल्याला कळणार कसं? मला राग आला. आठवडाभर मी तुझ्याशी बोललो नाही, डबासुद्धा वेगळा खाल्ला. अडाणी, बैलगाडीवाला, असं काय काय मी तुला मनात म्हटलं. तू मात्र रोज ताकातली मिरची माझ्या डब्याच्या झाकणावर ठेवून जायचास.

आता त्या दिवसाचं.

सकाळी साहेबाला पलीकडच्या पंपावर सोडून आपण दोघंच परत निघालो. दुपार व्हायला आली होती. सकाळभर कोसळलेला पाऊस थांबला होता, ऊनही पडलं होतं. खाडीवरच्या त्या बुटक्या फरशी-पुलापाशी आलो तर पाणी फरशीवरून धो धो वाहत होतं. तू उतरलास. काठी घेतलीस, चालत गेलास. मधोमध पाणी तुझ्या गुडघ्याच्या वर चार बोटं आलं. तू परत आलास आणि म्हणालास, "बसू. पाऊस थांबलाय, पाणी उतरी जाई." मी म्हटलं, वहिनीनं लवकर बोलावलंय ना? तू म्हणालास, "रॉकेल कुठे पळून जातंय?" हेच शब्द. मी देवाशपथ सांगतो, हेच शब्द.

आणि आपण बसलो. तिथल्या टपरीवाल्या भैयाकडे एक तास बसलो. तीन चहा झाले. तो भैयाही परगावचा, आदल्याच महिन्यात बलियाहून आलेला, त्याला खाडी काय माहीत. तुझा हिशोब गावच्या नाल्याचा होता. आपल्याकडे वरचा पाऊस थांबला की नाला तासाभरात उतरतो, आणि उतरला की त्याचा आवाज जातो. तू डोळ्यांनी नाही, कानांनी पाणी मोजायचास. तिसरा चहा संपता संपता आवाज थांबला. एकदम थांबला. खाडी गुमान पडून राहिली. तू उठलास, म्हणालास, "उतरनं."

उतरलं नव्हतं, लोटन. ते भरलं होतं. समुद्राची भरती लागली होती आणि तिनं खाडीचं पाणी खालून दाबून धरलं होतं. म्हणून आवाज गेला होता. आपण सगळे खान्देशातले, समुद्राचं पाणी कसं चालतं ते बापजन्मी माहीत नाही. थांबलं की पाणी कमी होतं एवढंच आपल्याला माहीत. थांबल्यावर पाणी वाढतं, अशी जागाही असते, हे तुला कोणी सांगितलं नाही. मला पण नाही.

आणि इथे माझं डोकं फुटायची वेळ येते. ऑफिसात, हजेरीच्या टेबलामागे, भिंतीवर भरती-ओहोटीच्या वेळांचा छापील तक्ता टांगलाय. इंग्रजी. मालाचे बार्ज लागतात ना धक्क्याला, त्यांच्यासाठी. त्या बार्ज गाळात रुतून लोखंड अडकू नये म्हणून वेळ बघून आणतात. लोखंडाची एवढी काळजी! आणि त्याच खाडीतून रोज माणसं घेऊन जाणाऱ्या ड्रायव्हरला कोणी एका शब्दानं सांगितलं नाही, की बाबा, आज इतक्या वाजता पाणी चढणार आहे, जाऊ नको. मी रोज त्या तक्त्याखाली उभा राहून सही केली. दोन वर्षं. मला वाटायचं, सुट्ट्यांचा कागद असेल; तू गेल्यावर विचारलं तेव्हा कळलं.

आता माझं. ज्यासाठी तोंडाला कुलूप लावलं होतं ते.

"उतरनं" म्हणून तू जीपमध्ये बसला नाहीस. तू काठी घेतलीस. पँट पुन्हा वर करायला लागलास, कारण तू पाणी दुसऱ्यांदा चालून बघणार होतास. आणि मी म्हणालो, "अरे मघाशी चाललास ना? आता परत कशाला? पाइप लावलाय, बंद पडत नाही ती. चल." वहिनीची घाई नव्हती ती. तुझी नव्हती. माझी होती. मला भूक लागली होती आणि आठवडाभराचा राग पण होता, माझ्या पाइपाची कमाल तुला दाखवायची होती. तू माझ्याकडे बघितलंस. मला वाटतं, त्या भांडणावर तुला पडदा टाकायचा होता. हसलास आणि म्हणालास, "चल, तुझ्या पाइपाचं पण ऐकू." काठी मागे टाकलीस.

पुढचं तुला माहीत आहे, पण मी सांगणार. तू वरची कड धरलीस, उजवी, नेहमीसारखी. गाडी पाण्यात शिरली, इंजिन झकास चालू. बॉनेटपर्यंत पाणी आलं तरी चालू. साधी गाडी असती तर कधीच गप्प झाली असती आणि आपण शिव्या घालत उतरून मागे आलो असतो. माझी गाडी पुढे जातच राहिली. मी बघितलं, पाण्यावरचा काडीकचरा उलटा चाललाय, समुद्राकडून वर. बघितलं, आणि वाटलं, वारा असेल. मग मागची चाकं उचलली. मला सीटखाली कळलं, हलकं झालं एकदम. आणि पाण्यानं ढकललं ते खालून वर, तू धरलेल्या कडेकडेच. ढकलायला रस्ताच नव्हता. जीप तुझ्या बाजूवर कलंडली.

माझ्या बाजूची ताडपत्री तू आधीच सोडायला लावली होतीस. तुझ्या बाजूला दरवाजा होता, पत्र्याचा, दोन महिने जाम. तू रोज माझ्या बाजूनं चढून सीटवरून सरकत जायचास. मी तीन वेळा रजिस्टरमध्ये लिहिलं होतं, ड्रायव्हर बाजूचा दरवाजा उघडत नाही. त्यावर लाल पेनानं 'बघतो' असं लिहून आलं होतं. काय बघितलं? तुझा पाय माझ्या कमरेत बसला, जोरात. तू मला बाहेर लोटलंस. मी फरशीचा दगड धरला. मागे वळलो तर टपाचं एक टोक दिसलं, आणि मग तेही नाही.

तिसऱ्या दिवशी मला ऑफिसात बोलावलं. मॅनेजरनं चहा मागवला. दोन वर्षांत पहिल्यांदा मला खुर्ची. कागद पुढे सरकवला. "भटूभाई, सही करी नाखो ने." मी म्हटलं, गुजराती येत नाही, वाचून दाखवा. त्यानं वाचलं. गाडी सर्व बाजूंनी बरोबर होती, मेकॅनिकनं तपासली होती, ड्रायव्हरला थांबायला सांगितलं होतं, त्यानं ऐकलं नाही, उतावळेपणा केला. मी विचारलं, कोणी सांगितलं होतं थांबायला? तो म्हणाला, "ए तो लखवुं पडे." म्हणजे लिहावंच लागतं म्हणे! मी म्हटलं, आणि दरवाजा? तो म्हणाला, कुठला दरवाजा. मी म्हटलं, रजिस्टर काढा. रजिस्टर भिजलं म्हणे. ऑफिसातलं रजिस्टर, दुसऱ्या मजल्यावरचं, भिजलं!

मी सही केली नाही. पण खरं सांगू का, नाहीसुद्धा म्हणालो नाही. "विचार करतो" म्हणून उठून आलो. कारण तो मागून हळूच म्हणाला होता, "तमे पण साथे हता ने?" तुम्हीही सोबत होतात ना. तेवढं एकच वाक्य. मी सात दिवस त्या वाक्याच्या धाकात राहिलो. वहिनी समोर भिंतीला टेकून स्वतःला खात होती आणि मी तिच्यासमोर बसून, पोरांना बिस्किटं देऊन, घरी जात होतो. माझीच मला लाज वाटली, लोटन.

त्या इस्त्रीवाल्याची कॉलर धरली ना, तेव्हा एकदम कळलं. हा तेच म्हणतोय जे त्या कागदात आहे, आणि तो कागद खोटा ठरवू शकणारा एकटा मी त्याची कॉलर धरून उभा आहे, तोंडातून मात्र शब्द नाही. त्याला मारून काय होणार होतं?

घाटावरून थेट चौकीत गेलो, ओल्या कपड्यांनी. जबाब लिहून घ्यायला लावला, हिंदीत. दरवाजा, रजिस्टर, भिंतीवरचा तक्ता, एक तास, तीन चहा, सगळं. आणि तू काठी घेतली होतीस आणि मी नको म्हणालो, तेही. हवालदारानं पेन थांबवलं, म्हणाला, हे लिहायची गरज नाही, तू कशाला स्वतःच्या गळ्यात घालून घेतोस? मी म्हटलं, लिहा. आज सकाळी कामावर गेलो तर गेटवाल्यानं आत सोडलं नाही. माझ्या हत्यारांची पेटी बाहेर आणून ठेवलेली होती. ठीक आहे. पाने आणि स्क्रू ड्रायव्हर माझेच आहेत, कुठेही चालतील.

तिथून तुझ्या घरी आलो. वहिनी तशीच. मी समोर बसलो आणि म्हणालो, वहिनी, लोटननं घाई केली नाही. तो एक तास बसला होता. मी लवकर चल म्हटलं तर म्हणाला, रॉकेल कुठे पळून जातंय.

तिनं मान वर केली. मी खोटं बोलतोय का ते माझ्या तोंडावर शोधलं. मग विचारलं, "एक तास?"

मी म्हटलं, हो. तीन चहा प्यायलो.

"तीन चहा?" आणि मग, लोटन, जी सुटली ती! "आठे मी डबा लईसन रांगमा उभी, आनि त्या तठे चहा पी राह्यंतात? कधी मनं ऐकं त्यासनी? लगीन व्हयनं तवपासून हा हा करतस आनि सोताना मननं करतस!" शेजारणी दारात गोळा झाल्या. पोरं घाबरून तिला बिलगली. तिनं तुझी बारा वर्षांची सगळी खाती काढली, न आणलेली भाजी, विसरलेला दवाखाना, माहेरी न्यायला चुकवलेली गाडी. दहा दिवसांत पहिल्यांदा तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, घळाघळा, आणि ती तुझ्यावर तणतणत होती. मी ऐकत बसलो. जायला हवं होतं, पण अजून माझं सांगायचं बाकी होतं.

ती दमली, पदरानं तोंड पुसलं. तेव्हा मी तेही सांगितलं. काठी, पँट, पाइप, माझं "चल". सगळं, जसं चौकीत सांगितलं तसं, पण तिथे लिहिणारा होता, इथे ऐकणारी होती.

मग ती म्हणाली, "आनि तू? तू 'चल' कसाले बोलना?"

मी म्हणालो, "माझं चुकलं, वहिनी." हे मला तुला म्हणायचं होतं रे. पण तुझ्यापुढे म्हणायला तू कुठे होतास?

तिनं तोंड फिरवलं नाही. मला शिवी दिली नाही, माफही केलं नाही. माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली, "आखो एकदाव सांग."

मी पुन्हा सांगितलं.